निंटेंडोचा शिक्का आणि प्रौढांचे खेळ

गेल्या वर्षी अमेरिकेत न्यू जर्सीमधील एडिसन येथे कन्येकडे चार महिने वास्तव्य करण्याचा योग आला, तेव्हा एका शनिवारी दहा वर्षांच्या नातवाचे बोट धरून मी व्हिडिओ गेम विकणाऱ्या एका दुकानात गेलो. भिंतीलगतच्या मांडणीवर निंटेंडो कंपनीच्या ‘स्विच’ या यंत्रासाठी असलेल्या खेळांच्या डब्या ओळीने लावलेल्या होत्या. प्रत्येक डबी एकाच मापाची, प्रत्येकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तीच तांबडी पट्टी, आणि खाली त्याच अंगाला, टपालाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत, काळ्या-पांढऱ्या रंगांत छापलेले एखादे इंग्रजी अक्षर. मिशाळ मारिओची डबी उलटसुलट करून पाहिल्यावर नातवाने तिच्या शेजारची दुसरी उचलली; तिच्यावर डोळ्यांना चष्मा लावलेली, करारी मुद्रेची एक उंच स्त्री होती. “आजोबा, ही बेयोनेटा. हिला मी ओळखतो. हिला घेऊनच मी बाबांना हरवतो,” तो म्हणाला. मी चौकटीतले अक्षर पाहिले. ते ‘एम’ होते, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांसाठी हा खेळ योग्य नाही असा तेथील मानांकन मंडळाचा निर्वाळा होता. ज्या स्त्रीशी माझ्या नातवाचा इतका घरोबा होता, तिच्या स्वतःच्या घरात शिरण्यास त्याला अजून सात वर्षे मनाई होती, आणि दोन्ही गोष्टींवर शिक्का मात्र एकाच कंपनीचा होता.

जिचे नाव उच्चारताच आईबाप निर्धास्त होतात, अशा कंपनीने केवळ प्रौढांसाठी रचलेले खेळ स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करावेत काय, हा वाद गेली तीस वर्षे चालू आहे. परंतु त्या दिवसापर्यंत मी तो परक्या घरचा वाद समजत होतो. वादातील एका पक्षाचे म्हणणे असे की, जे घर मुलांसाठी बांधले तेथे रक्तपात आणि नग्नता यांना ओटीवरही जागा असता कामा नये. दुसरा पक्ष म्हणतो की, कालची मुले आज चाळिशीला पोहोचली, त्यांना वयाला साजेसे काही न दिल्यास ती प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात जातील. या दोन्ही पक्षांची कैफियत ऐकून घेतल्यावर माझे मत एका निराळ्या मुद्द्यावर स्थिरावले, आणि ते आरंभीच नमूद करतो. आईबापांचा विश्वास ही या कंपनीच्या दफ्तरी जमा असलेली अनामत आहे. अनामत बाळगणाऱ्याने दुसरा व्यवहारच करू नये असे कोणताही दंडक सांगत नाही. मात्र तो व्यवहार त्याने उघडपणे, स्वतःच्या सहीने, आणि अनामतीस धक्का लागणार नाही असा चोख बंदोबस्त ठेवून करावा, एवढी अपेक्षा करण्याचा ठेवीदारास पूर्ण अधिकार आहे. निंटेंडोने आजवर प्रौढांचे खेळ काढले याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सही आणि बंदोबस्त यांबाबत.

मुळात ‘कुटुंबवत्सल’ ही या कंपनीची जन्मजात पदवी नव्हे, ही गोष्ट पावित्र्याच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. २३ सप्टेंबर १८८९ रोजी जपानातील क्योतो शहरी फुसाजिरो यामाउची यांनी जे दुकान थाटले, ते हानाफुदा नावाच्या पत्त्यांचे. बारा महिन्यांची बारा झाडेफुले आणि प्रत्येकाची चार पाने, अशा अठ्ठेचाळीस पानांचा हा जोड दिसायला अतिशय नाजूक व देखणा असतो. पण त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे जुगारी, आणि लबाडीचा संशय राहू नये म्हणून प्रत्येक बैठकीस कोरा जोड फोडण्याची पद्धत असल्यामुळे क्योतोच्या कारागिराच्या घरी लक्ष्मी आली ती जुगाराच्या अड्ड्यावरून आली. पुढे संस्थापकाचे पणतू हिरोशी यामाउची यांनी १९४९ मध्ये, ऐन विशीत, कारभार हाती घेतला. १९५३ मध्ये प्लास्टिकचा लेप दिलेले पत्ते काढले आणि १९५९ मध्ये डिस्नेच्या चित्रांचे पत्ते काढून तेच पत्त्यांचे साहित्य जुगाऱ्याच्या बैठकीतून उचलून मुलाबाळांच्या माजघरात आणून ठेवले. सांगायचे ते हे की, कुटुंबाशी जडलेला हा स्नेह या कंपनीने जाणूनबुजून, व्यापारी दूरदृष्टीने संपादन केलेला आहे. आणि जे संपादन केलेले असते त्याची हद्द कोठवर, हे ठरविण्याचा अधिकारही संपादन करणाऱ्याकडे राहतो.

अमेरिकेत या स्नेहाला जे कडक रूप आले त्याला कारण दुसऱ्याचा अनर्थ होता. १९८२ च्या सुमारास तेथे अटारीच्या यंत्राची चलती होती, आणि त्या यंत्रासाठी कोणीही उठून काहीही तयार करून विकावे अशी मोकळीक होती. त्या मोकळिकीतून, एका बांधलेल्या आदिवासी स्त्रीवर बलात्कार करणे हेच ज्याचे उद्दिष्ट होते असा ‘कस्टर्स रिव्हेंज’ नावाचा किळसवाणा खेळ बाजारात आला. स्त्रियांच्या व आदिवासींच्या संघटनांनी निदर्शने केली, आणि ज्या अटारीने तो बनविला नव्हता त्या अटारीचे नाव विनाकारण चिखलात ओढले गेले. पुढे निकृष्ट मालाच्या पुराने तो सबंध बाजारच बुडाला. १९८३ मध्ये सुमारे ३०० कोटी डॉलरांचा असलेला धंदा दोन वर्षांत १० कोटींवर आला. १९८५ मध्ये निंटेंडो त्या उजाड बाजारात उतरली ती या अनुभवाचा पुरता धडा घेऊन. यंत्रात कुलपासारखी एक चकती बसविलेली, कंपनीच्या परवान्याविना कोणाचाही खेळ त्यात चालू नये अशी योजना, बाहेरच्या प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळांची मुभा, आणि मंजूर मालावर सोनेरी शिक्का.

शिक्क्यामागचे नियम आज वाचताना मनुष्य थबकतो. रक्त दिसू नये, नग्नता नसावी, धर्मचिन्हे नसावीत, मद्य नसावे. जपानी खेळांतील देवळांवरचा क्रूस अमेरिकेत येताना पुसला गेला, आणि गुत्त्याच्या पाटीवर कॉफीगृह असे लिहिले गेले. ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ हा नाझी तुरुंगातून सुटकेचा खेळ १९९४ मध्ये निंटेंडोच्या यंत्रावर आला तेव्हा त्यातील रक्त गेले, नाझी चिन्हे गेली, आणि अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यांच्या जागी अजस्र उंदीर आले. कारण कुत्रा मारणे मुलाच्या मनाला लागेल, उंदीर मारणे लागणार नाही, असा हिशेब. गोळी मात्र तीच राहिली, बंदुकीचा चाप ओढणारे बोट तेच राहिले. हिंसेचा संस्कार होतो की नाही या मूळ प्रश्नाला या नियमांनी हात घातला नाही. जे पाहून आई दचकेल तेवढे पडद्याआड करणे एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. तरीही मी या नियमांना ढोंग म्हणणार नाही. दचकणाऱ्या आईची कोणीतरी पर्वा करीत होते, ही गोष्टही लहान नव्हे.

आपल्याकडे हा शिक्का फारसा पोहोचलाच नाही. १९९० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या चाळींतून आणि तालुक्याच्या गावांतून जी यंत्रे टीव्हीला जोडली गेली, ती बहुतांशी निंटेंडोच्या यंत्राची परवान्याविना केलेली नक्कल होती. तिच्यात जी खोचायची तिला मुले ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटीत शेकडो खेळ असल्याची जाहिरात असे आणि निघत ते फिरूनफिरून तेच पंधरावीस. मारिओ आणि ‘काँट्रा’ यांवर वाढलेली मराठी मुलांची ती पिढी निंटेंडोची लेकरे होती, पण निंटेंडोच्या बंदोबस्ताची छाया त्यांच्यावर पडली नव्हती. माझा जावई त्यांतलाच. सातारच्या वाड्यात ‘काँट्रा’ खेळताना वयाचा विचार कोणी केल्याचे त्याला स्मरत नाही.

नियमांचा खरा कस लागला तो १९९३ मध्ये. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ, ज्यात विजेता पराभूताचे हृदय उपटून काढतो, त्या वर्षी १३ सप्टेंबरला घरगुती यंत्रांवर एकाच दिवशी आला. निंटेंडोच्या प्रतीत रक्ताच्या जागी करड्या रंगाचा घाम उडत होता. प्रतिस्पर्धी सेगाच्या प्रतीत एक सांकेतिक कळक्रम दाबला की रक्त वाहत होते. सेगाची प्रत बरीच अधिक खपली. शाळेच्या मैदानावर कोणाच्या घरी रक्त आहे आणि कोणाच्या घरी घाम, यावरून मुलांची प्रतिष्ठा ठरू लागली. डिसेंबरात जोसेफ लिबरमन व हर्ब कोल या सिनेटरांनी चौकशी मांडली, आणि तेथे निंटेंडोच्या वतीने हॉवर्ड लिंकन यांनी आपल्या कंपनीच्या नियमांचा अभिमानाने दाखला देऊन, ‘नाइट ट्रॅप’ नावाचा सेगाचा बदनाम खेळ निंटेंडोच्या यंत्रावर कधीही दिसणार नाही असे सांगितले. सरकारने कायदा करण्यापूर्वी व्यवसायाने आपणच पुढे होऊन १९९४ मध्ये मानांकन मंडळ स्थापिले, आणि ज्या अक्षराच्या चौकटीशी माझी एडिसनच्या दुकानात गाठ पडली तिचा जन्म झाला. त्याच वर्षी ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा दुसरा भाग निंटेंडोच्या यंत्रावर रक्तासह आला. ‘नाइट ट्रॅप’ही २०१८ मध्ये स्विचवर येऊन पोहोचला, पंचवीस वर्षांत काळाच्या नजरेला तो अगदीच निरुपद्रवी वाटू लागला होता.

माझ्या मते या आढाव्यातील कळीचे वर्ष १९९४ हेच आहे. त्या वर्षापासून निंटेंडो दुसऱ्यांचे प्रौढ खेळ आपल्या यंत्रावर चालू देते आणि प्रत्येक प्रतीमागे आपला हिस्सा घेते. आपण बनवायचे नाही, आपले नाव घालायचे नाही, पण जागेचे भाडे घ्यायचे, हा व्यवहार बेकायदा नाही आणि निंद्यही नाही. परंतु जो तो करतो त्याला ‘आम्ही या गोष्टींपासून अलिप्त आहो’ असे म्हणता येत नाही. म्हणून प्रौढ खेळ प्रसिद्ध करावेत की नाहीत हा प्रश्न जेव्हा कोणी शुचितेचा प्रश्न म्हणून मांडतो, तेव्हा मला वाटते की त्याने हिशेबाच्या वहीतील एकच बाजू वाचली आहे. भाड्याच्या रकमेपेक्षा स्वतःच्या सहीचे पुस्तक अधिक प्रामाणिक असते, कारण सही करणाऱ्याला आपण काय छापतो आहो ते वाचावे लागते.

सही टाळण्याचे दुष्परिणाम पाहायचे असतील तर २००१ सालचा ‘काँकर्स बॅड फर डे’ पाहावा. इंग्लंडमधील रेअर या संस्थेत निंटेंडोची मोठी भागीदारी होती. तिने काँकर नावाच्या खारीचा एक गोंडस बालखेळ योजला होता. तसलेच खेळ फार झाले अशी टीका होताच त्या खारीला दारू, शिव्या आणि विष्ठेचे विनोद देऊन प्रौढांचा खेळ बनविण्यात आले. यंत्र निंटेंडोचे, भागीदारी निंटेंडोची. पण डबीवर प्रकाशक म्हणून अमेरिकेत नाव रेअरचे, युरोपात वितरण तिसऱ्याचे, आणि निंटेंडोच्या स्वतःच्या मासिकाने त्या खेळाकडे पाठ फिरविली. गोंडस खारीचे चित्र आणि आत हा मजकूर, यापेक्षा आईबापांची दिशाभूल करणारे दुसरे काय असू शकते? खेळ कारागिरीत उत्तम होता आणि खपला मात्र बेताचाच. ज्या अपत्याचे पितृत्व कोणी कबूल करीत नाही त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही, असेच येथे झाले.

याच्या उलट पुढच्याच वर्षीचा ‘इटर्नल डार्कनेस’. प्रौढांसाठीचे हे मानांकन असलेला आणि निंटेंडोने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलेला पहिला खेळ म्हणून तो ओळखला जातो; कॅनडातील सिलिकॉन नाइट्स या संस्थेने तो डेनिस डायक यांच्या दिग्दर्शनाखाली रचला होता. ऱ्होड आयलंडमधील एका जुन्या हवेलीत आजोबांचा खून होतो, नात अलेक्झांड्रा तेथे येते, तिला एक दुष्ट ग्रंथ सापडतो, आणि त्याच्या पानापानांतून दोन हजार वर्षांत त्या ग्रंथाच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांचे भोग खेळणाऱ्याला भोगावे लागतात. रक्त यात आहे, पण भयाचे मर्म रक्तात नाही. खेळातील माणसाचे मन जसजसे ढळू लागते तसतसा खेळ खेळणाऱ्याच्याच मनाशी खेळू लागतो: टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाल्याचे पडद्यावर दिसते, पडद्याच्या काचेवरून किडा चालत गेल्याचा भास होतो, आणि एकदा तर, आजवर जपून ठेवलेली सारी प्रगती पुसली जात आहे अशी सूचना येते आणि खेळणारा खुर्चीतून उठून उभा राहतो. क्षणात सारे पूर्ववत होते. खेळ या माध्यमावाचून दुसऱ्या कोणत्याही कलेला न साधणारी ही भीती आहे, आणि ती लहान मुलाच्या हाती पडू नये हेही तितकेच उघड आहे. या खेळाला पाच लाखही ग्राहक मिळाले नाहीत. परंतु ‘कुटुंबवत्सल कंपनीने प्रौढांसाठी काही करण्याचे कारण काय’ असे विचारणाऱ्यापुढे मी पहिला दाखला म्हणून हाच खेळ ठेवीन. हे काम करण्याजोगे होते, आणि निंटेंडोच्या आश्रयावाचून ते झाले असते असे मला वाटत नाही.

मधल्या काळाविषयी विस्ताराने लिहिण्यासारखे फार नाही. कॅपकॉमचा ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ २००५ मध्ये प्रथम निंटेंडोच्या यंत्रावर आला, पण वर्ष सरण्यापूर्वी सोनीच्या यंत्रावर जाऊन तेथे अधिक खपला. दहा कोटींहून अधिक घरांत पोहोचलेल्या ‘वी’ या यंत्रासाठी सेगाने २००९ मध्ये ‘मॅडवर्ल्ड’ हा अतिरक्तरंजित खेळ काढला आणि त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. प्रौढ ग्राहक निंटेंडोकडे असे खेळ घेण्यास येतच नाही, हा निष्कर्ष व्यापारी मंडळींनी यावरून काढला. आणि व्यापाराच्या आधारावर प्रौढ खेळांची वकिली करणाऱ्यांची बाजू त्यामुळे बरीच लंगडी पडते. मी ती वकिली करीत नाही, म्हणून या आकड्यांनी मी विचलित होत नाही.

‘बेयोनेटा २’ची हकीकत मात्र सांगितली पाहिजे. पहिला भाग सेगाने इतर यंत्रांसाठी काढला होता. दुसऱ्या भागाला पैसा लावण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा २०१२ मध्ये निंटेंडोने तो भार उचलला, आणि २०१४ मध्ये प्लॅटिनमगेम्स या जपानी संस्थेने केलेला तो खेळ निंटेंडोच्या नावाने आला. केसांना वस्त्र आणि शस्त्र करणारी, देवदूतांशी झुंजणारी ही चेटकीण अत्यंत उत्तान आहे. तिच्या उत्तानतेत स्त्रीची सत्ता आहे की पुरुषाची नजर, यावर दोन्हीकडून पुष्कळ लिहिले गेले, आणि माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. पण चपळाईची आणि लयीची जी कारागिरी त्या खेळात आहे ती बुडू न देणे हे आश्रयदात्याचे काम होते, आणि ते निंटेंडोने केले. २०२२ च्या तिसऱ्या भागात तर नग्नता झाकण्याची एक सोय दिली गेली, म्हणजे दिवाणखान्यात खेळणाऱ्याने घरच्या माणसांपुढे संकोचू नये. ही छोटी सोय मला फार बोलकी वाटते. हा खेळ दिवाणखान्यात खेळला जाईल याची जाणीव तो करणाऱ्याला होती.

आणि मग २०२४ मधील ‘एमिओ’. जुलै महिन्यात कंपनीने काहीच न सांगता एक अल्पशी चित्रफीत प्रसृत केली: अंगात लांब कोट, डोक्यावर कागदी पिशवी, आणि पिशवीवर रंगविलेले हसरे तोंड. पाहणाऱ्यांना वाटले की बाहेरच्या कोणा भयकथाकाराचे हे काम असावे. प्रत्यक्षात तो निघाला ‘फॅमिकॉम डिटेक्टिव्ह क्लब’ या १९८८ पासूनच्या, निंटेंडोच्या घरच्याच गुप्तहेरकथामालेचा नवा भाग, आणि कर्ता योशिओ साकामोतो, म्हणजे तरुणपणापासून त्या कंपनीतच वाढलेला मनुष्य. गळा आवळून मारलेला एक शाळकरी मुलगा सापडतो, त्याच्या डोक्यावर हसरे तोंड काढलेली पिशवी असते, आणि अठरा वर्षांपूर्वीच्या तशाच खुनांची फाइल पुन्हा उघडावी लागते. यात गोळीबार नाही, मारामारी नाही. लोकांना प्रश्न विचारायचे, त्यांचा चेहरा पाहायचा, आणि विचार करायचा. तरीही ‘एम’ हे अक्षर त्यावर योग्यच आहे, कारण त्यातील दुःख प्रौढांचे आहे. मुलांचे दैवत असलेल्या संस्थेने, स्वतःच्या मनुष्याकरवी, स्वतःच्या सहीने, शोक आणि अपराध या विषयांवर असे काही लिहावे, यात मला त्या संस्थेचे वय वाढल्याची खूण दिसते.

येथे भाषेचा एक घोटाळा उलगडणे भाग आहे. त्या इंग्रजी अक्षरामागचा मूळ शब्द परिपक्वतेचा आहे. आपण मराठीत नाटकाच्या जाहिरातीत ‘फक्त प्रौढांसाठी’ असे छापतो तेव्हा ते वयाचे बंधन असते, आणि ‘प्रौढ लेखन’ म्हणतो तेव्हा तो गुण असतो. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे रक्त असेल तर खेळ प्रगल्भ, आणि रक्त नसेल तर बाळबोध, असा एक समज रूढ झाला आहे. तीन दिवसांत चंद्र कोसळून जग संपणार आहे आणि गावातील प्रत्येक जण आपापल्या परीने त्या मरणाला सामोरा जात आहे, हे सांगणारा २००० सालचा ‘मेजोराज मास्क’ सर्वांना खुला आहे, आणि तो मला कित्येक ‘एम’ खेळांपेक्षा अधिक प्रगल्भ वाटतो. उलट २०१५ च्या ‘स्प्लॅटून’मध्ये बंदुका आहेत, चढाई आहे, पण नळीतून शाई उडते, आणि जिंकणे म्हणजे अधिक जमीन रंगविणे. ‘गोल्डनआय’ या १९९७ च्या जेम्स बाँडच्या खेळाचे दिग्दर्शक मार्टिन हॉलिस यांनी सांगितलेली आठवण अशी की, मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी तो पाहून, समोरासमोरची मारामारी फार होते आहे, तेव्हा शेवटी नायकाने इस्पितळात जाऊन साऱ्या जखमी शत्रूंशी हस्तांदोलन करावे, अशी सूचना केली होती. ती अमलात आली नाही. परंतु जो मनुष्य पडद्यावरच्या शत्रूच्या जखमेची विचारपूस करू इच्छितो, त्याच्या संस्थेने प्रौढांसाठी लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण हिंसेविषयी काही सांगण्याजोगे असेल तर ते तिच्यापाशीच असेल.

मराठी वाचकाला हे समजावून देण्यास फार लांब जाण्याचे कारण नाही. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’सारखी बालनाट्ये लिहिली आणि त्याच लेखणीने, त्याच नावाने, रात्री दिवा विझवू न देणाऱ्या गूढकथाही लिहिल्या. सकाळच्या प्रयोगाला मुलाला घेऊन गेलेल्या बापाला, त्याच लेखकाची गूढकथा संध्याकाळी वाचताना आपली फसवणूक झाली असे कधी वाटले नाही. मात्र येथे एक फरक आहे आणि तो मूलगामी आहे. बालनाट्यातील चेटकीण गूढकथेत जात नव्हती, आणि गूढकथेतील प्रेत बालनाट्यात येत नव्हते. नाट्यगृहाच्या दाराशी तिकीट पाहणारा एक मनुष्य उभा असे.

निंटेंडोच्या बाबतीत नेमके येथेच बोट ठेवावे लागते. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा खेळ, ज्यात कंपनीची आणि तिच्या स्नेह्यांची सारी पात्रे एकत्र येऊन लुटुपुटीची लढाई करतात, दहा वर्षांवरील मुलांसाठी आहे. त्यात २०१६ मध्ये बेयोनेटाला स्थान मिळाले, आणि २०१८ च्या भागातही ती आहे. माझ्या नातवाची तिच्याशी ओळख तेथली. मुलांच्या अंगणात तिला खेळायला आणायचे, तिच्याशी गट्टी जमू द्यायची, आणि मग दुकानात तिच्या डबीवर ‘तुझ्यासाठी नाही’ असे तिकिटाएवढ्या अक्षरात लिहायचे, हा अनामतीतून परस्पर उचल करण्याचा प्रकार आहे. प्रौढ खेळ काढण्यास विरोध करणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच, आणि मला त्याचे खंडन करता येत नाही. प्रौढांच्या दालनातील पात्र मुलांच्या दालनात फिरवू नये, एवढा नियम कंपनीने स्वतःला घालून घ्यावा. त्याने कलेचे काडीइतकेही नुकसान होणार नाही.

बंदोबस्ताचीही तीच कथा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला. तेव्हा तेथे सरकार या दारावर उभे राहणार नाही हे निश्चित झाले. राहिले मंडळाचे अक्षर, दुकानदार आणि यंत्र. कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांची २०१९ मधील भूमिका अशी होती की, कोणता खेळ असावा व कोणता नसावा हे यंत्राच्या मालकाने ठरवू लागल्यास विविधतेला आणि न्याय्यतेला बाधा येईल, म्हणून मानांकन त्रयस्थाकडे असावे आणि आईबापांच्या हाती नियंत्रण द्यावे. भूमिका सुसंगत आहे. स्विचमध्ये ते नियंत्रण आहेही, आणि २०१७ मध्ये त्याची माहिती देताना कंपनीने, मारिओचा जन्माचा वैरी बाउझर आपल्या लेकाच्या खेळण्याची वेळ आवरतो आहे, अशी मोठी हृद्य चित्रफीत केली होती. पण कुलूप पेटीत देऊन चालत नाही. ते आईबापांनी आपण होऊन बसवेपर्यंत दार उघडेच असते, आणि पेटीतले पत्रक वाचण्याइतकी सवड दोघे नोकरी करणाऱ्या घरात कोणाला असते? दार मुळात लावलेले असावे आणि ते उघडण्याचे श्रम प्रौढाला पडावेत, ही उलटी रचना करणे कंपनीला अजिबात अवघड नाही. ज्या कंपनीने १९८५ मध्ये कुलपाची चकती घालूनच यंत्र विकले, तिला हे शिकवावे लागू नये.

त्या शनिवारी आम्ही मारिओची डबी घेऊन घरी आलो. बेयोनेटा का नको, असे नातवाने गाडीत दोनदा विचारले, आणि ‘तो मोठ्यांचा खेळ आहे’ याखेरीज मला काही सांगता आले नाही. ‘मग ती माझ्या खेळात कशाला आली,’ या त्याच्या प्रश्नाला तर उत्तरच नव्हते. जेवणानंतर जावयाने फोन घेतला आणि त्या यंत्राचे कुलूप, घरात येऊन तीन वर्षे झाल्यावर, प्रथमच बसविले. चार सांकेतिक अंक त्याने एका चिठ्ठीवर लिहून माझ्याजवळ दिले, कारण ‘एमिओ’ मला पाहायचा होता. मुले झोपल्यावर दिवाणखान्यातला दिवा बारीक करून मी ते यंत्र हाती घेतले. यंत्राने अंक विचारले, मी चष्मा सावरून ते दाबले, आणि पडद्यावर पहाटेच्या वेळी, पाण्याच्या काठी, पडलेला तो शाळकरी मुलगा आला. एक वाजेपर्यंत मी त्याच्या शिक्षकांना, त्याच्या मित्रांना प्रश्न विचारीत बसलो होतो. मग यंत्र बंद करून, मारिओच्या डबीशेजारी, नातवाच्या खणात ठेवून दिले.